ड्राफ्टमधलं पोर स्टार होईल का? नवख्यांसाठी वहीतला हिशेब

९ जून २००९. न्यू जर्सीतल्या सिकॉकसमध्ये टीव्हीच्या स्टुडिओत बेसबॉलचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवी पोरं निवडायचा कार्यक्रम, चालला होता. तिथे जातीने हजर राहिलेला खेळाडू एकच, मिलव्हिल गावचा १७ वर्षांचा माइक ट्राउट. एकेक नाव पुकारलं जात होतं आणि हा आपला बसून. तेवीस नावं झाली. लॉस एंजलिसच्या एंजल्स संघाकडे चोविसावी आणि पंचविसावी अशा लागोपाठ दोन निवडी होत्या. त्यांनीही आधी दुसऱ्याच मुलाचं नाव घेतलं आणि मग ट्राउटचं. त्यात पंचविसावी निवड मुळात न्यूयॉर्क यांकीज संघाची. त्यांनी मार्क टेशेरा या खेळाडूला एंजल्सकडून आपल्याकडे ओढलं, त्याची भरपाई म्हणून ती एंजल्सना मिळाली होती. ट्राउट पुढे २०१४, २०१६ आणि २०१९ असा तीनदा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. (सगळ्यात वरची स्पर्धा ती मेजर लीग, तिचे दोन गट: अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग.) आमच्या ऑफिसातले यांकीजवाले हा विषय निघाला की अजून चहा ढवळत बसतात.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे. या पाळण्यात तर तीस संघांचे स्काउट, म्हणजे पोरं हेरणारी माणसं, वर्षानुवर्षं डोकावतात, स्टॉपवॉच आणि चेंडूचा वेग मोजणारी रडार गन घेऊन. तरी ट्राउटआधी चोवीस नावं गेलीच. मी न्यू जर्सीतच एडिसनला राहते, क्रिकेटवर वाढले, आणि गेली काही वर्षं ऑफिसातल्या फॅन्टसी लीगमध्ये आहे, म्हणजे खऱ्या खेळाडूंचे कागदावर संघ करून त्यांच्या आकड्यांवर खेळायचा खेळ. आमच्यात निवडलेला खेळाडू वर्षानुवर्षं आपल्याकडे ठेवता येतो, त्यामुळे दर हिवाळ्यात नुकत्याच ड्राफ्ट झालेल्या पोरांवर बोली लागते. सुरुवातीला सपाटून मार खाल्ला. मग एक वही केली. त्या वहीची पद्धत इथे सांगते. भविष्य सांगता येत नाही, पण डोळे मिटून निवडण्यापेक्षा बरं जमतं.

आधी ड्राफ्टची रीत

हा ड्राफ्ट १९६५ पासून चालू आहे. आधीच्या मोसमात रडलेल्या संघांना आधी निवड मिळते. २०२३ पासून पहिले सहा क्रमांक लॉटरीने ठरतात, म्हणजे मुद्दाम हरून पहिला नंबर पटकवायची सोय उरलेली नाही. सध्या जुलैमध्ये २० फेऱ्या होतात आणि सहाशेच्या वर पोरं निवडली जातात. त्यात दोन मोठे गट असतात: हायस्कूल संपवलेली १७-१८ ची मुलं, आणि कॉलेजात तीन वर्षं काढलेली किंवा २१ पूर्ण झालेली. डोमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलाची पोरं यात नसतात, त्यांना संघ थेट करारबद्ध करतात. होसे आल्टुवे त्या वाटेने आला, जेमतेम १५,००० डॉलरवर. त्यामुळे ड्राफ्टच्या यादीत त्याचं नाव शोधू नका.

निवड झालेला मुलगा लगेच टीव्हीवर दिसत नाही. त्याला मायनर लीगच्या पायऱ्या चढाव्या लागतात: रुकी, सिंगल ए, हाय ए, डबल ए, ट्रिपल ए. यात तीन-चार वर्षं सहज जातात. जुलै २०२३ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेला पॉल स्कीन्स मे २०२४ मध्ये पिट्सबर्गसाठी मेजर लीगमध्ये उतरला. त्याला अपवादच समजा.

एक गोष्ट मनाशी पक्की करून घ्या, नाहीतर पुढचं सगळं फुकट. ढोबळमानाने पहिल्या फेरीतल्या तिघांपैकी दोघे कधी ना कधी मेजर लीगमध्ये पोहोचतात. पोहोचतात एवढंच. स्टार होणारे त्यातले मूठभर. अगदी पहिला क्रमांकही फसतो. १९६६ मध्ये न्यूयॉर्क मेट्सनी पहिली निवड म्हणून स्टीव्ह चिलकॉट नावाचा कॅचर (क्रिकेटच्या यष्टिरक्षकासारखा) घेतला. तो मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. त्याच्यामागून दुसऱ्या क्रमांकावर गेला तो रेजी जॅक्सन. उलट टोकाला माइक पियाझा: १९८८ मध्ये ६२ व्या फेरीत, १३९० वा, तोही डॉजर्स संघाचा मॅनेजर टॉमी लसोर्डाच्या ओळखीमुळे. आज पियाझा हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या यादीत, आहे. पियाझाची गोष्ट सगळे रंगवून सांगतात, पण तिच्या भरवशावर ६२ व्या फेरीतली पोरं उचलत बसू नका. क्रमांक जितका वरचा तितकी शक्यता जास्त, हे सरासरीने खरंच आहे. आणि आता ड्राफ्टला ६२ फेऱ्याच नसतात.

वहीचा पहिला रकाना: ड्राफ्टच्या दिवशीचं वय

वर्ष नको, वर्ष आणि महिने लिहा. नवखे लोक हा रकाना सोडतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त उत्तर तिथेच असतं. हायस्कूलच्या एकाच वर्गात एक मुलगा १७ वर्षं ७ महिन्यांचा असतो आणि दुसरा १९ ला टेकलेला. दोघांनी सारखेच होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारले तर ते सारखे नाहीत. त्या वयात एका वर्षात खांदे भरतात, मनगटात जोर येतो. मोठा मुलगा आपल्याहून लहानांना झोडपतोय, लहान मुलगा आपल्याहून मोठ्यांना. रॅनी जझायर्ली या अभ्यासकाने २०११ मध्ये जुन्या ड्राफ्टचा हिशेब मांडून हेच दाखवलं, की हायस्कूलमधल्या बॅटरांत वयाने लहान असलेली पोरं त्यांच्या क्रमांकाच्या मानाने फार फायद्याची ठरली.

ट्राउटचा जन्म ऑगस्ट १९९१ चा, म्हणजे ड्राफ्टच्या दिवशी १७ वर्षं १० महिने. केन ग्रिफी ज्युनियर, अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ, ब्राइस हार्पर, फ्रान्सिस्को लिंडोर, कार्लोस कोरेया यांनीही निवडीच्या दिवशी अठरा पूर्ण केली नव्हती.

आता याचं स्तोत्र करू नका. बॉबी विट ज्युनियर २०१९ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर कॅन्सस सिटीकडे गेला तेव्हा एकोणिसावा वाढदिवस दीड आठवड्यावर होता. हायस्कूलच्या मानाने थोराड. माझ्यासारख्या वयाच्या रकान्यावर बोट ठेवणाऱ्यांनी नाकं मुरडली असती, आणि २०२४ मध्ये तो .३३२ च्या सरासरीने (हजार प्रयत्नांत ३३२ यशस्वी फटके) अमेरिकन लीगचा फलंदाजीतला अव्वल झाला. वय म्हणजे तराजूत टाकायचं एक वजन. ते टाकायला विसरू नका, पण अख्खा तराजू त्याच्यावर तोलू नका.

दुसरा रकाना: कुणासमोर आणि कशाने

न्यू जर्सीत मार्च-एप्रिलमध्ये हात गारठतात, पावसाने सामने धुऊन जातात. फ्लोरिडा, टेक्सस, कॅलिफोर्नियाची मुलं जवळपास बारा महिने खेळतात. त्यामुळे थंड प्रदेशातल्या मुलाचे आकडे कितीही फुगलेले असले तरी शंका राहतेच, की समोर पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कोण होता? ट्राउटच्या बाबतीत बऱ्याच संघांना हीच शंका होती.

कॉलेजातही तसंच. दक्षिणेकडच्या साउथ-ईस्टर्न कॉन्फरन्समध्ये शुक्रवारी रात्री समोर येणारा पिचर बहुधा स्वतःच वरच्या फेरीत जाणारा असतो. लहान कॉलेजात तसं नसतं. म्हणून मी कॉलेजच्या बॅटरचे फक्त शुक्रवार-शनिवारचे सामने वेगळे काढते. मंगळवारी कच्च्या पिचरांवर कुटलेले सहा होम रन मला कौतुकाचे वाटत नाहीत.

आणि बॅट! हायस्कूल-कॉलेजात धातूची, व्यावसायिक बेसबॉलमध्ये लाकडाची. धातूच्या बॅटवर चेंडू हाताजवळ लागला तरी कसाबसा मैदानात पडतो, लाकडी बॅट तिथे चिरते. त्यासाठी उन्हाळ्यातली मॅसॅच्युसेट्सची केप कॉड लीग बघायची. कॉलेजची निवडक मुलं तिथे १९८५ पासून लाकडी बॅटने खेळतात. कॉलेजात .३८० आणि केप कॉडला .२१० असा मुलगा दिसला की पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढा. शाईने नको, कारण उन्हाळी मोसम छोटा असतो आणि पोरं दमलेली असतात.

तिसरा: स्ट्राइकआउट आणि वॉक

होम रन सगळ्यांना दिसतात, मी आधी बघते मुलगा किती वेळा स्ट्राइकआउट होतो, म्हणजे तीन संधी हुकवून चेंडूला बॅट न लागताच बाद. मेजर लीगमध्ये आजचा सरासरी बॅटर पाचातून एकाहून थोड्या जास्त वेळा स्ट्राइकआउट होतो. कॉलेजातल्या पिचरांसमोरच ज्याचं प्रमाण चारातून एक आहे, त्याचं वर गेल्यावर काय होईल? वॉक (चार बाहेरचे चेंडू सोडून फुकट मिळालेला फर्स्ट बेस) आणि स्ट्राइकआउट जवळपास सारखे असतील तर मुलाला चेंडू दिसतो, कुठला सोडायचा ते कळतं. मुकी बेट्स २०११ मध्ये पाचव्या फेरीत, १७२ वा गेला. नॅशव्हिलचा सडपातळ, पाच फूट नऊ इंचाचा पोरगा. छाप पडण्यासारखं शरीर नाही, पण चेंडू त्याच्या बॅटला चुकत नव्हता.

इथेही गुंता आहे. आरोन जज २०१३ मध्ये ३२ वा गेला. सहा फूट सात इंच उंच, म्हणून स्ट्राइक झोनही (चेंडू योग्य धरायची चौकट) भला मोठा. २०१७ मध्ये पहिल्या पूर्ण मोसमात तो २०८ वेळा स्ट्राइकआउट झाला. पण त्याच मोसमात ५२ होम रन आणि १२७ वॉक. चेंडू चुकत होता, पण कुठल्याही चेंडूमागे धावत नव्हता. म्हणून दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहायचे. खूप स्ट्राइकआउट आणि वॉक नगण्य, असा मुलगा मी आता घेतच नाही, मग त्याचे व्हिडिओ कितीही डोळे दिपवोत.

हल्ली चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटला हेही मोजतात. त्यात एकच फटका किती जोरात गेला याने हुरळू नका. रोजचे फटके किती जोरात जातात ते बघा.

मैदानावरची जागा थोडक्यात सांगते. शॉर्टस्टॉप किंवा सेंटर फील्ड अशा अवघड जागी खेळणारा मुलगा उद्या दुसरीकडे हलवता येतो. अठराव्या वर्षीच फर्स्ट बेसच्या सोप्या जागी उभं केलेल्याला हलवायला जागाच नसते, त्याला नुसत्या बॅटवर पोट भरावं लागतं. पॉल गोल्डश्मिट आठव्या फेरीतून येऊन ते करून दाखवतो. बाकीचे बहुतेक जण नाही दाखवत.

पिचर: इथे हात आखडता घ्या

माझ्या दुसऱ्या वर्षी मी लागोपाठ दोन कॉलेज पिचर घेतले. दोघेही तयार, दोघांची कीर्ती मोठी. दीड वर्षात दोघांच्याही कोपरावर शस्त्रक्रिया झाली. आमच्या लीगमधल्या एका काकांनी मला तेव्हा विचारलं, "तू खेळाडू निवडतेस का पेशंट?"

पिचरचा खांदा आणि कोपर हा काचेचा माल. कोपरातला अस्थिबंध (लिगामेंट) फाटला की टॉमी जॉन शस्त्रक्रिया. ती पहिल्यांदा १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी केली, आणि तिच्यातून परतायला वर्ष-दीड वर्ष लागतं. १९९१ चा पहिल्या क्रमांकाचा ब्रायन टेलर तर यांकीजच्या मेजर संघापर्यंत पोहोचलाच नाही. डिसेंबर १९९३ मध्ये एका मारामारीत त्याचा चेंडू फेकायचा खांदाच निकामी झाला. असलं कुठल्या वहीत लिहिणार?

२०१३ चा ड्राफ्ट या दृष्टीने एकदा नीट बघाच. ह्यूस्टनकडे पहिली निवड. त्यांनी घेतला स्टॅनफर्डचा पिचर मार्क अ‍ॅपेल: उंच, वेगवान, कॉलेजात शिकूनसवरून तयार झालेला, सगळ्यांच्या मते सुरक्षित. दुसरा गेला क्रिस ब्रायंट, ज्याने त्या वर्षी सॅन डिएगोच्या कॉलेजकडून ३१ होम रन मारले होते. २०१६ मध्ये ब्रायंट नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू होता आणि त्याच्या शिकागो कब्ज संघाने १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली होती. अ‍ॅपेल मधे खेळ सोडून गेला, परतला, आणि २०२२ मध्ये तिशीत फिलाडेल्फियाकडून पहिल्यांदा मेजर लीगमध्ये चेंडू टाकला. त्याच्या जिद्दीला सलाम, पण वहीत तो चुकलेलाच अंदाज.

मग पिचर घ्यायचाच नाही का? घ्या, पण तीन गोष्टी बघून. पहिली, वेग. मेजर लीगचा सरासरी फास्टबॉल आज ताशी ९४ मैलांच्या, म्हणजे १५१ किलोमीटरच्या आसपास असतो. त्यात मी पाचव्या-सहाव्या इनिंगचा (सामन्यात नऊ असतात) वेग बघते, पहिल्या इनिंगला सगळेच शूर असतात. दुसरी, फास्टबॉलखेरीज निदान एक चेंडू असा हवा, ज्यावर बॅटर साफ चुकतो. तिसरी, ताबा. स्कीन्सने २०२३ मध्ये लुइझियाना स्टेटकडून २०९ बॅटर स्ट्राइकआउट केले आणि वॉक दिले फक्त २०. असे आकडे दिसले की माझी हात आखडायची शिकवण मीच मोडते. त्याने २०२४ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित हा किताब घेतला आणि २०२५ मध्ये साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा किताब.

नुसता वेग किती अपुरा पडतो याचं उदाहरण आपल्याकडचंच आहे. २००८ मध्ये भारतात वेगाने आणि अचूक चेंडू फेकण्याची स्पर्धा झाली. त्यातून उत्तर प्रदेशचे दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, निघाले. पिट्सबर्ग पायरेट्सनी दोघांना करारबद्ध केलं. दोघांनी तोवर बेसबॉल हातात धरला नव्हता, त्या मानाने त्यांची मजल खरोखर थक्क करणारी. पण दिनेश लवकर परतला, आणि रिंकू सिंगल ए पर्यंत पोहोचून कोपराच्या दुखण्याने थांबला. दंडातली ताकद लवकर दिसते, पण चेंडू कधी कुठे टाकायचा हे अंगात मुरायला हजारो बॅटर लागतात.

कुमार रॉकर हे नाव ऐकून तुमचे कान टवकारतीलच. हा आईच्या बाजूने भारतीय वंशाचा, व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा पिचर. २०१९ मध्ये ड्यूकविरुद्ध एकही हिट न देता १९ स्ट्राइकआउट. २०२१ मध्ये मेट्सनी त्याला दहावा निवडला आणि वैद्यकीय तपासणीनंतर करारच केला नाही. पुढच्या वर्षी टेक्ससने तिसरा घेतला, २०२३ मध्ये टॉमी जॉन झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये मेजर लीगमध्ये पहिला सामना. नाव आपलं वाटतं म्हणून मीही त्याला एकदा दोन फेऱ्या आधीच उचलला होता. हे करू नका.

पैशाचा रकाना

क्रमांक बोलतो, त्याहून मोठ्याने करारावर सही करताना मिळालेला पैसा बोलतो. पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक क्रमांकाला एक ठरलेली रक्कम असते आणि संघाला एकूण मर्यादेत ती इकडेतिकडे फिरवता येते. पाचव्या फेरीतल्या हायस्कूलच्या मुलाला ठरलेल्याहून दुप्पट-तिप्पट मिळाले तर संघाच्या मनात तो वरच्या फेरीतला आहे आणि कॉलेजात जाऊ नये म्हणून किंमत मोजली आहे. आजच्या मर्यादा यायच्या आधी, पाचव्या फेरीतल्या बेट्सला बोस्टनने ७,५०,००० डॉलर दिले होते. उलट वरच्या फेरीत ठरलेल्याहून बरेच कमी घेणारा कॉलेजचा शेवटच्या वर्षाचा मुलगा बहुधा पैसे वाचवायला घेतलेला असतो.

अंदाज लिहायचा कसा

"हा स्टार होणार" असं लिहू नका. "दहात एक स्टार, दहात तीन नियमित खेळाडू, बाकी नाही" असं लिहा आणि खाली तारीख टाका. स्काउट २० ते ८० च्या मापात गुण देतात, ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी. ते अहवाल जरूर वाचा, पण आपले आकडे लिहून झाल्यावर. आधी वाचले की आपलं मत आपोआप त्यांच्यामागे फरपटत जातं.

मग वर्षभर थांबा. फॅनग्राफ्स किंवा बेसबॉल रेफरन्स या वेबसाइटवर मुलाचं पान उघडून त्याचं वय त्या लीगच्या सरासरी वयाशी ताडून बघा. वीस वर्षांचा मुलगा डबल ए मध्ये तग धरून असेल तर त्याची साधारण सरासरीही मला बावीस वर्षांच्या सिंगल ए वाल्याच्या भरघोस आकड्यांपेक्षा मोलाची वाटते. डबल ए ही खरी चाळणी. तिथले पिचर वळणारा कर्व्हबॉल हवा तिथे टाकतात, आणि नुसत्या फास्टबॉलवर जगलेली पोरं तिथेच अडकतात. जेकब डिग्रॉमसारखे अंदाज मात्र दुरुस्त करायला उशीर लागतो. तो स्टेटसन कॉलेजचा शॉर्टस्टॉप, नवव्या फेरीत पिचर म्हणून घेतलेला, पंचविशीत मेजर लीगमध्ये आला आणि पुढे दोन साय यंग घेऊन गेला. अशा नावासाठी वहीत शेवटचं एक पान कोरं ठेवलंय.

डोळ्यांनी बघायचं असेल तर

न्यू जर्सीतल्या मंडळींना सोय आहे. ट्रेंटनला २०२५ पर्यंत तरी जूनमध्ये ड्राफ्ट लीगचे सामने असायचे, त्यात ड्राफ्टची वाट बघणारी पोरं लाकडी बॅटने खेळायची. ब्रिजवॉटरला यांकीजचा डबल ए संघ, सॉमरसेट पेट्रियट्स. बालाजीचं देऊळ त्याच गावात, त्यामुळे आमच्या घरी हा बेत पास करून घ्यायला त्रास पडत नाही.

तिकीट होम प्लेटमागच्या, म्हणजे बॅटर उभा असतो त्या जागेमागच्या, बाजूचं काढा. रडार गन घेतलेली माणसं तिथेच बसतात. फटक्यानंतर चेंडूमागे बघू नका, बॅटरकडे बघा आणि फोनचं स्टॉपवॉच लावा. बॅटचा टक् आवाज आला की चालू, पाय फर्स्ट बेसला टेकला की बंद. उजव्या हाताच्या बॅटरला ४.३ सेकंद म्हणजे सरासरी वेग. डावखुरा एक पाऊल जवळ असतो, त्याला ४.२. सुरुवातीला बटणावर अंगठा उशिरा पडतो आणि सगळी पोरं हरणासारखी वेगवान वाटतात. माझा अजूनही पडतो, म्हणून मी प्रत्येक आकड्यात दशांश एक मिळवूनच वहीत लिहिते.